महाविद्यालयांनी शाळेत जाऊन शिकवावे कोणाला?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केले की, २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता तिसरी व त्यापुढील वर्गांच्या अभ्यासक्रमात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती यांचा समावेश केला जाईल. अभ्यासक्रमाची आखणी करण्यासाठी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आयआयटी मद्रासचे प्राध्यापक कार्तिक रामन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. अभ्यासक्रम काय असावा यावर भरपूर चर्चा झाली व पुढेही होईल. तो शिकवणार कोण, या प्रश्नाची चर्चा मात्र प्रत्येक वेळी एकाच ठरावीक उत्तरापाशी येऊन थांबते: ‘जवळच्या महाविद्यालयाची मदत घ्यावी.’

हे उत्तर वरवर पाहता सोपे वाटते. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार देशात १,१६८ विद्यापीठे आणि ४५,४७३ महाविद्यालये आहेत. शाळांची संख्या सुमारे १४ लाख ७१ हजार. म्हणजे एका महाविद्यालयामागे साधारण ३२ शाळा येतात, आणि त्यांतून केवळ माध्यमिक वर्ग असलेल्या शाळा वेगळ्या काढल्या तर हा भार आणखी बराच हलका होतो. मग अडचण कोठे आहे? माझ्या मते अडचण संख्येत नाही. महाविद्यालय शाळेच्या दारी जाते तेव्हा ते कोणाला शिकवायला जाते, या प्रश्नाचे उत्तर आपण चार दशके चुकीचे देत आलो आहोत. हे मी दुरून पाहून म्हणत नाही. त्या चुकीत माझाही वाटा आहे.

१९८७ सालची गोष्ट. मी मध्य प्रदेशातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होतो. जिल्ह्यातील एका शासकीय उच्च माध्यमिक शाळेत नुकतेच संगणक आले होते आणि तेथे मुलांना शिकवण्यासाठी आमच्या प्राध्यापकांनी आम्हा चार विद्यार्थ्यांना आठवड्यातून एक दिवस पाठवायला सुरुवात केली. शाळेतील सर्वांत चांगली खोली संगणकांसाठी राखली होती. खिडक्यांना पडदे, जमिनीवर सतरंजी, दाराबाहेर चपलांची रांग. आत बीबीसी मायक्रो ही ब्रिटिश बनावटीची यंत्रे. आम्ही वीस-एकवीस वर्षांचे होतो. मुले आमच्याकडे डोळे विस्फारून पाहत. पडद्यावर वर्तुळ काढून दाखवले की टाळ्या पडत. त्या टाळ्यांनी आम्ही फार सुखावत असू.

खोलीच्या मागच्या बाकावर शाळेचे गणिताचे शिक्षक बसत. संगणकाची जबाबदारी कागदोपत्री त्यांच्याकडे होती. वय पन्नाशीच्या आसपास. मुलांसाठी फळ्यावर लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम ते वहीत उतरवून घेत आणि घरी जाऊन तो कागदावरच, ओळीमागून ओळ, स्वतः चालवून पाहत. एका दुपारी तास संपल्यावर त्यांनी वही उघडून एका ओळीवर बोट ठेवले. ओळ होती ‘लेट ए इज ईक्वल टू ए प्लस वन’. ते म्हणाले, ‘‘बेटा, मी वीस वर्षे मुलांना सांगत आलो की बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू समान असतात. इथे दोन्ही बाजूंतून ए वजा केला तर शून्य बरोबर एक असे येते. हे मी वर्गात कसे सांगू?’’

मी उत्तर दिले, ‘‘मास्साब, कॉम्प्युटरमध्ये असेच असते.’’

ते हसले आणि वही मिटली. माझ्या उत्तरात उद्धटपणा नव्हता, अज्ञान होते. ते चिन्ह येथे समानता दाखवत नाही, उजव्या बाजूची किंमत काढून ती डाव्या बाजूच्या नावाखाली ठेवण्याची आज्ञा देते, एवढे मला ठाऊक होते. परंतु हा फरक तीस वर्षांच्या सवयीच्या गणिताला धक्का न लावता मुलांपर्यंत कसा न्यावा, याचा मी कधी विचारच केला नव्हता. आम्ही परीक्षा देऊन पांगलो. पुढच्या वर्षी आमच्या महाविद्यालयातून त्या शाळेत कोणी गेले नाही. दोन वर्षांनी मी त्या गावी गेलो तेव्हा खोलीला कुलूप होते आणि खिडकीच्या फटीतून यंत्रांवर घातलेल्या प्लास्टिकच्या खोळी दिसत होत्या. मास्साब बीजगणित शिकवत होते. जे आपल्याला पटवून देता येत नाही ते वर्गात उभे राहून सांगायचे नाही, हा त्यांचा नियम असावा. आणि तो चांगल्या शिक्षकाचाच नियम आहे.

ती यंत्रे ज्या योजनेतून आली तिचे नाव ‘क्लास’, म्हणजे ‘कॉम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स’. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये ती प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. शिक्षण मंत्रालय, इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि एनसीईआरटी यांचा तो एकत्रित उपक्रम होता. सुमारे १२ हजार बीबीसी मायक्रो संगणक राज्यांमार्फत माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना वाटण्यात आले. आज फारसे कोणाला आठवत नाही, पण या योजनेच्या केंद्रस्थानी महाविद्यालयेच होती. अभियांत्रिकी महाविद्यालये, विद्यापीठे आणि आयआयटी यांना ‘संसाधन केंद्र’ म्हणून नेमले होते; शाळांच्या शिक्षकांना प्रशिक्षण देणे आणि पुढे त्यांना साहाय्य करत राहणे हे त्यांचे काम होते. म्हणजे महाविद्यालय व शाळा यांची भागीदारी ही नवी कल्पना नाही. भारतातील शालेय संगणकशिक्षणाची सुरुवातच तिच्यापासून झाली.

कागदावर ही रचना अचूक होती. प्रत्यक्षात शिक्षकांना काही आठवड्यांचे एक प्रशिक्षण मिळाले आणि नंतर ते एकटे पडले. यंत्र बिघडले की दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे. सॉफ्टवेअर बहुतांशी इंग्रजीत होते आणि शाळा हिंदी, तमिळ, बंगाली माध्यमाच्या होत्या. संगणकाच्या तासाला परीक्षेत स्थान नव्हते, त्यामुळे वेळापत्रकातही नव्हते. आणि संसाधन केंद्रातील प्राध्यापकासाठी हे काम त्याच्या मूळ कामाबाहेरचे होते. केले तर कौतुक नाही, न केले तर विचारणा नाही. आठव्या पंचवार्षिक योजनेत ‘क्लास’ला केंद्रपुरस्कृत योजनेचे रूप मिळाले, पुढे २००४ च्या डिसेंबरमध्ये ‘आयसीटी अ‍ॅट स्कूल्स’ ही नवी योजना आली. यंत्रांच्या पिढ्या बदलल्या. मागच्या बाकावरच्या शिक्षकाची अवस्था फारशी बदलली नाही.

विशेष म्हणजे त्याच राज्यात, त्याच काळात, विद्यापीठातील लोक शाळांबरोबर काम करण्याची एक अगदी वेगळी रीत घडवत होते. विषय संगणक नव्हता, विज्ञान होता. पण आपल्या प्रश्नासाठी तिच्याकडे वळणे आवश्यक आहे. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील (आजचे नर्मदापुरम) १६ माध्यमिक शाळांत ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी शासनाच्या परवानगीने होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक त्यात सामील झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने दिल्लीतील प्राध्यापकांना या कामासाठी गावात येऊन राहण्याची सोय करून दिली. १९७८ मध्ये कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात पसरला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे इतर जिल्ह्यांत नेला.

या कार्यक्रमात प्राध्यापक मुलांना टाळ्या वाजवायला लावणारे प्रयोग दाखवण्यासाठी येत नसत. ते उन्हाळी शिबिरात गावच्या शिक्षकांबरोबर तेच प्रयोग स्वतः करत, जे पुढे मुलांनी करायचे असत. शिक्षक प्रश्न विचारत आणि पुष्कळदा प्राध्यापकांकडे उत्तर नसे. मग दोघे मिळून ते शोधत. शाळा सुरू झाल्यावर दर महिन्याला शिक्षकांची बैठक होई. वर्गात काय अडले, कोणता प्रयोग फसला, कोणते वाक्य मुलांना कळले नाही, याची तेथे नोंद होई आणि त्या नोंदींवरून ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या बदलत. वर्गाला भेट देणारे सहकारी तपासणीसाठी येत नसत, मदतीसाठी येत. परीक्षासुद्धा बदलली: पुस्तक उघडे ठेवून लिहायची आणि प्रयोग करून दाखवायची.

२००२ मध्ये राज्य शासनाने एका आदेशाने हा कार्यक्रम बंद केला. तो निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. त्याच्या गुणदोषांवर मोठा वाद झाला आणि तो अजून संपलेला नाही. परंतु तीस वर्षे एखादा उपक्रम शासकीय शाळांत टिकतो, ही आपल्याकडे दुर्मीळ घटना आहे. ‘क्लास’ योजनेकडे यंत्रे होती, निधी होता, आयआयटी होत्या. होशंगाबादकडे काचेच्या नळ्या, भिंगे आणि महिन्याची एक बैठक होती. टिकले ते दुसरे, कारण त्याने शाळेतल्या शिक्षकाला मागच्या बाकावरून उठवून पुढे आणले होते.

आता आजच्या स्थितीकडे पाहू. शासनाच्या ‘यूडायस प्लस’ आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये देशातील ५७.२ टक्के शाळांत चालू स्थितीतील संगणक होते. २०२४-२५ मध्ये हे प्रमाण ६४.७ टक्क्यांवर गेले. इंटरनेट असलेल्या शाळांचे प्रमाण ५३.९ वरून ६३.५ टक्के झाले. एका वर्षातील ही वाढ लक्षणीय आहे आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. पण ही गणती यंत्रांची आहे. त्या यंत्रासमोर उभे राहून एखाद्या मुलीच्या फसलेल्या प्रोग्रॅममधील चूक तिला स्वतःला सापडेल अशा बेताने प्रश्न विचारू शकणारा शिक्षक किती शाळांत आहे, याचे उत्तर या रकान्यांतून मिळत नाही.

त्याचे परिणाम मला महाविद्यालयात दिसत आले. मी पुढे अध्यापनातच आलो आणि संगणकशास्त्राच्या प्रथम वर्षाला अनेक वर्षे शिकवले. दर सत्राच्या सुरुवातीला वर्गात दोन गट दिसतात. एका गटाने अकरावी-बारावीला संगणकशास्त्र घेतलेले असते. पायथनमध्ये दोन वर्षे काम केलेले असते. दुसऱ्या गटाने आयुष्यात एकही प्रोग्रॅम लिहिलेला नसतो, कारण त्यांच्या शाळेत तो विषयच नव्हता. जेथे शिक्षकाचे पद नाही तेथे विषयही नसतो. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेत संगणकशास्त्र विचारले जात नाही, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी हे अंतर झाकलेले राहते. पहिल्या सहामाहीत ते उघडे पडते. दुसऱ्या गटातील विद्यार्थी बुद्धीने कोठेही कमी नसतात. गणितात तर ते पुष्कळदा पुढे असतात. परंतु शेजारच्या मुलाची बोटे कळफलकावर धावताना पाहून त्यांचा असा समज होतो की हा विषय आपला नाही. शासकीय शाळांतून आलेल्या मुलींच्या बाबतीत हे मी अधिक वेळा पाहिले. एक विद्यार्थिनी तिसऱ्या आठवड्यात शाखा बदलण्याचा अर्ज घेऊन आली होती. तिने लिहिलेला प्रोग्रॅम मी पाहिला. त्यात तर्काची चूक एकही नव्हती, फक्त दोन ठिकाणी ओळींची जागा चुकली होती. पायथनमध्ये ओळ डावीकडून किती आत सुरू होते यालाही अर्थ असतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते. अशी चूक शाळेत पाच मिनिटांत सुटते. ती न सुटल्यामुळे एक शाखा, एक नोकरी, कदाचित एका घराची स्थिती बदलू शकते.

म्हणून महाविद्यालयांनी शाळांकडे जाणे हा परोपकार नाही. पुढे आपल्याच वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांची ती तयारी आहे. दुर्दैवाने आज या भागीदारीचे जे प्रकार रूढ आहेत त्यांतील बहुतेक १९८७ च्या आमच्या शनिवारांसारखेच आहेत. पहिला प्रकार सामंजस्य कराराचा. प्राचार्य आणि मुख्याध्यापक सह्या करतात, छायाचित्र निघते आणि मूल्यांकनाच्या अहवालात एक पान वाढते. मी ज्या समित्यांवर बसलो त्यांतील एकीने असे अकरा करार केले होते. त्यांपैकी कोणत्या शाळेत कोण गेले, हे विचारल्यावर उत्तर द्यायला कोणी नव्हते. दुसरा प्रकार एकदिवसीय कार्यशाळेचा. त्यात खासगी महाविद्यालयांचा प्रवेशांच्या जाहिरातीचा हेतू अनेकदा लपत नाही. तिसरा प्रकार विद्यार्थी-स्वयंसेवकांचा. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावे अशी तिची अपेक्षा आहे, आणि त्या तासांतून पुष्कळ चांगले काम होते. पण स्वयंसेवक दर वर्षी बदलतो. शाळा दर वर्षी पहिल्या पानापासून सुरुवात करते.

चौथा प्रकार अलीकडचा आणि अधिक गंभीर प्रयत्नांचा आहे. आयआयटी मद्रास शाळांशी करार करून अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना विदाविज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचे ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम देते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे ध्वनिचित्रपाठ भारतीय भाषांत तयार केले. चांगला शिक्षक नसलेल्या ठिकाणी त्यांचा मोठा आधार आहे. या प्रयत्नांचे मोल मी कमी मानत नाही. मात्र ऑनलाइन अभ्यासक्रमाचा लाभ ज्याला आधीच रस आहे, ज्याच्या घरी यंत्र आहे आणि ज्याला एकट्याने शिकता येते त्याला सर्वांत आधी मिळतो. बाकीच्या चाळीस मुलांसाठी वर्गात माणूसच लागतो.

असा माणूस तयार करता येतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण केरळ आहे. इस्रोचे माजी अध्यक्ष यू. आर. राव यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाच्या शिफारशींवरून तेथे २००१ मध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. २०१७ मध्ये त्याचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. केरळने बाहेरून संगणकशिक्षक आणण्यावर भिस्त ठेवली नाही. गणित, विज्ञान, भाषा शिकवणाऱ्या शाळेतल्याच शिक्षकांतून प्रशिक्षक निवडले, त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना शिकवले, आणि प्रत्येक शाळेत या विषयाचा एक समन्वयक शिक्षक ठेवला. पाठ्यपुस्तक मल्याळममध्ये आले. सॉफ्टवेअर मुक्त स्वरूपाचे निवडले, त्यामुळे ते बदलता आले. विषयाला दहावीच्या परीक्षेत स्थान दिले. २०१८ मध्ये ‘लिटल काइट्स’ हे विद्यार्थी मंडळ सुरू झाले, आणि शाळेतील यंत्रे सांभाळण्यात मुलांचाच सहभाग आला. अलीकडे सातवीच्या पुस्तकात कृत्रिम बुद्धिमत्तेचा आणि २०२५-२६ पासून दहावीत रोबोटिक्सचा समावेश झाला, तेव्हा ‘शिकवणार कोण’ हा प्रश्न त्या राज्याला इतरांइतका भेडसावला नाही. उत्तर वीस वर्षांपूर्वीच तयार होऊ लागले होते.

प्रत्येक राज्याकडे केरळसारखी शिक्षकांची फळी किंवा प्रशासनाचे सातत्य नाही, असे यावर म्हटले जाईल, आणि ते खरे आहे. नेमके याच ठिकाणी महाविद्यालयाची गरज आहे. केरळने राज्ययंत्रणेच्या बळावर जे केले ते इतरत्र जिल्ह्याच्या पातळीवर महाविद्यालयांच्या आधाराने करता येईल. आशय शून्यातून निर्माण करावा लागणार नाही. ‘एसीएम इंडिया’ या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘सीएसपाठशाला’ उपक्रमाने यंत्राविनाही संगणकीय विचार शिकवता येतील असे पाठ तयार केले असून ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. तामिळनाडूने तर गणिताच्या पाठ्यपुस्तकातच ‘माहिती-प्रक्रिया’ हा घटक घातला. म्हणजे वेगळा शिक्षक येण्याची वाट न पाहता गणिताच्या शिक्षकावर विश्वास ठेवला.

मग भागीदारीचा आराखडा कसा असावा? उन्नत भारत अभियानात एका संस्थेने साधारण पाच गावे दत्तक घ्यावीत अशी कल्पना आहे. त्याच धर्तीवर एका महाविद्यालयाने पाच ते सात माध्यमिक शाळा घ्याव्यात आणि किमान तीन वर्षे सोडू नयेत. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षक निवडावेत. दोन यासाठी की एकाची बदली झाली तरी धागा तुटू नये. या शिक्षकांची तीन वर्षे बदली करणार नाही, असे राज्याच्या शिक्षण विभागाने लेखी द्यावे, आणि महिन्यातून एक दिवस त्यांना कर्तव्यरजेवर महाविद्यालयात बसू द्यावे. त्या दिवशी प्राध्यापकाने व्याख्यान देऊ नये. मागच्या महिन्यात वर्गात जे अडले त्यापासून सुरुवात करावी. महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी शाळेत अवश्य जावे, पण शिक्षकाच्या जागी उभे राहू नये. यंत्रे चालू ठेवणे, प्रात्यक्षिकाच्या वेळी मागच्या रांगेतील मुलांजवळ बसणे, हे त्यांचे काम. आणि हा सर्व व्यवहार शाळेच्या माध्यमभाषेत व्हावा.

महाविद्यालयाच्या बाजूलाही हिशेब बदलावा लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सामाजिक बांधिलकीविषयक मार्गदर्शक सूचनांत विद्यार्थ्यांसाठी श्रेयांकाच्या अभ्यासक्रमाची तरतूद आहे. शाळेतील वर्षभराचे काम त्यात सहज बसते. खरा पेच प्राध्यापकाचा आहे. एका शोधनिबंधाने जे साध्य होते ते तीन वर्षांच्या शनिवारांनी होत नसेल, तर शहाणा प्राध्यापक शोधनिबंधच लिहील. पदोन्नतीच्या मोजमापात या कामाला ठोस वजन दिल्याशिवाय ही भागीदारी काही मोजक्या हौशी माणसांवर चालेल आणि त्यांच्या निवृत्तीबरोबर संपेल.

आमच्या महाविद्यालयांतच शिक्षकांची पदे रिक्त आहेत, शाळांना काय देणार, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. सर्वच महाविद्यालये हे काम करू शकणार नाहीत. काहींना तर स्वतःच मदतीची गरज आहे. म्हणून ही सक्ती असू नये. प्रत्येक जिल्ह्यात दोन-तीन सक्षम संस्थांपासून सुरुवात करावी, त्यात अध्यापक महाविद्यालयांना जोडून घ्यावे, आणि यश कसे मोजायचे ते आधीच ठरवावे. किती मुलांना प्रमाणपत्रे दिली, हा निकष मला मान्य नाही. चौथ्या वर्षी महाविद्यालयातून कोणीही शाळेत गेले नाही, तरी तेथे संगणकशास्त्राचा तास होतो का? माझा निकष एवढाच आहे.

निवृत्तीच्या आधीची काही वर्षे आम्ही दोघा-तिघा सहकाऱ्यांनी सात शाळांच्या गणित शिक्षकांबरोबर अशी मासिक बैठक चालवली. पहिल्या वर्षी दोन शाळा गळाल्या. एका शाळेत यंत्रे असूनही विजेची जोडणी सात महिने रखडली. जे शिक्षक राहिले त्यांच्यापैकी एका बाईंनी तिसऱ्या बैठकीत तोच प्रश्न विचारला जो मी १९८७ मध्ये टाळला होता. भाषा आता बेसिकऐवजी पायथन होती, पण ओळ तीच होती. या वेळी मी तयारी करून आलो होतो. नाव लावलेल्या डब्याची उपमा मी दिली: डब्यात जे आहे ते काढा, त्यात एक मिळवा, पुन्हा डब्यात ठेवा. बाईंनी मान डोलावली, पण त्यांचे समाधान झालेले दिसले नाही.

पुढच्या महिन्यात त्या स्वतःचे उदाहरण घेऊन आल्या. त्यांच्या वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी किराणा दुकानाची उधारीची वही होती. वहीत दुकानदार लिहितो: बाकी म्हणजे आधीची बाकी अधिक आजची उधारी. दोन्हीकडे शब्द ‘बाकी’च, पण एक कालची आणि एक आजची, आणि आजची लिहिली की कालची खोडायची. बाईंनी सांगितले की, मुलांना हे एका तासात कळले, आणि त्यानंतर ‘मग आधीची बाकी पुन्हा हवी असेल तर काय करायचे?’ असे एका मुलाने विचारले. तो प्रश्न दुसऱ्या चलाच्या गरजेकडे नेणारा होता. मी तीस वर्षांच्या अध्यापनात ही वही कधी वापरली नव्हती. पुढच्या सत्रापासून माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गात ती आली.

मास्साबांना हे सांगायला मी फार उशीर केला. ते हयात नाहीत. त्यांना उत्तर माझ्याकडून मिळाले नसते, हे आता कळते. महिन्यातून एकदा आमच्यासमोर बसायला आणि पुन्हा आपल्या वर्गात जायला त्यांना मिळाले असते, तर ते त्यांनी स्वतःच शोधले असते. नवा अभ्यासक्रम देशातील लक्षावधी वर्गांत पोहोचेल तेव्हा प्रत्येक शाळेत असा एक शिक्षक वही घेऊन मागच्या बाकावर बसलेला असेल. महाविद्यालयांनी त्याच्यापाशी जाऊन बसावे. मुलांना तो शिकवील.